खीचनची कुरजां

ओसियांच्या महावीरस्वामींचे दर्शन घेऊन जैसलमेरच्या ज्ञानभांडाराकडे निघालेले यात्रेकरू बहुधा फलोदीवरून जातात. १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाल्यापासून हे गाव उन्हाळ्यासाठी देशभर ठाऊक झाले. त्याच्या शेजारी, अवघ्या काही किलोमीटरवर, खीचन आहे. गाव ओसवाल जैनांचे. लाल दगडाच्या कोरीव हवेल्या, नाजूक जाळ्या, उंच जोती आणि बऱ्याच दारांना कुलपे. घरधनी व्यापारासाठी दूरच्या शहरांत गेले आणि तेथेच स्थिरावले. गावाला मात्र हिवाळ्यात ओस पडणे माहीत नाही. कारण त्या दिवसांत येथे वीस हजारांहून अधिक पाहुणे मुक्कामाला असतात.

या पाहुण्यांना राजस्थानात ‘कुरजां’ म्हणतात, मराठीत कांड्या करकोचा. क्रौंचकुळातील हा सर्वांत लहान पक्षी. उंची सुमारे तीन फूट, वजन दोन-तीन किलो. राखाडी अंग, काळी मान, लालसर डोळे आणि डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचा झुबका. मारवाडी लोकगीतांतील विरहिणी याच पक्ष्याकरवी परदेशी गेलेल्या पतीला निरोप धाडते. ज्या मुलखातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारासाठी देशोदेशी गेले, तेथे दूत म्हणून दूरवर उडणाराच पक्षी निवडला जावा, हे स्वाभाविकच.

कुरजांची घरटी मंगोलिया, कझाकस्तान, चीन या बाजूच्या गवताळ प्रदेशांत असतात. उन्हाळा सरताच ते दक्षिणेकडे निघतात. काही थवे नेपाळातील काली गंडकीच्या खोऱ्यातून हिमालय ओलांडतात. तेथे त्यांना पाच हजार मीटरांहूनही उंच चढावे लागते, आणि सोनेरी गरुड वाट पाहत असतात. वारा विरुद्ध असला तर थवा मागे फिरतो व पुन्हा प्रयत्न करतो. त्या वर्षी जन्मलेली पिल्ले आईबापांच्या संगतीने हा पहिला प्रवास करतात. वाटेतले पाणवठे आणि उतरण्याच्या जागा ती अनुभवी पक्ष्यांबरोबर उडूनच शिकतात. म्हणून खीचन हे नाव नकाशावर जसे आहे, तसे ते कुरजांच्या स्मरणातही आहे असे म्हटले, तर अतिशयोक्ती होत नाही.

हे स्मरण घडले कसे, त्याची हकिकत गावात आजही सांगितली जाते. गेल्या शतकाच्या सत्तरीत रतनलाल मालू आणि त्यांच्या पत्नी सुंदरबाई कबुतरांना दाणे टाकत. एका हिवाळ्यात कबुतरांच्या मेळ्यात काही कुरजां उतरले. दाणे मिळाले, कोणी हाकलले नाही. पुढच्या वर्षी ते अधिक संख्येने आले. दाणे वाढले तसे पक्षी वाढले आणि कुत्र्यांचा उपद्रवही. तेव्हा गावाच्या कडेला कुंपण घातलेले ‘चुग्गाघर’ उभे राहिले. ज्वारीच्या पोत्यांसाठी दूरच्या शहरांतून देणग्या येऊ लागल्या. ज्यांच्या हवेल्यांना कुलपे आहेत, त्यांचेही मन या अंगणात राहिले आहे.

पहाटे चुग्गाघर रिकामे असते, फक्त ज्वारी पसरलेली. थवे प्रथम गावाबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांवर उतरतात आणि तेथेच थांबतात. घाई कोणालाच नसते. मग एखादी लहान तुकडी उठते, वरून घिरट्या घालते, माना वळवून पाहते आणि पुन्हा दूर जाते. असे दोन-चार वेळा होते. कुत्रा शिरला, माणसे फार जवळ आली, कोणी ओरडले, तर पंगत लांबते. जागा निर्धोक वाटली की पहिले काही पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे आकाशच खाली आल्यासारखे होते. हजारोंच्या त्या कर्कश कलकलाटात मोठ्यांचा खर्जातला आणि पिल्लांचा बारीक आवाज निराळा ओळखू येतो. खाऊन झाले की ते रातडी नदी आणि विजयसागर तलावाकडे जातात. पाणी पितात, गोट्यांएवढे खडेही गिळतात. दात नसलेल्या पक्ष्याला धान्य दळायला पोटातील हेच जाते उपयोगी पडते.

अर्थात दाणे टाकणे हा या कामातील सोपा भाग. एवढे मोठे पक्षी थव्याने, कमी उजेडात, कमी उंचीवरून ये-जा करू लागले तेव्हा विजेच्या तारा त्यांच्या मार्गात आल्या. तारांना धडकून पक्षी मरत आणि पंख मोडून पडत. गावातील सेवाराम माली यांनी जखमी कुरजांची शुश्रूषा केली आणि तारा हलवण्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जीवदयेच्या इतिहासात वीजखात्याला लिहिलेल्या अर्जांनाही स्थान असावे.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोधपूर जिल्ह्यातील कापरडा येथे, पार्श्वनाथांच्या प्राचीन तीर्थाच्या परिसरात, शंभराहून अधिक कुरजां मरून पडले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. एका अंगणात हजारो पक्षी दाटीने जेवतात तेथे रोगाला पसरायला वेळ लागत नाही. म्हणून पक्षितज्ज्ञ दाण्यांइतकेच स्वच्छतेकडे, मेलेले पक्षी तत्काळ हटवण्याकडे आणि तलावांच्या पाण्याकडे लक्ष वेधतात. दाणे टाकणाऱ्या हाताला ही सूचना क्वचित रुचत नाही. पण ती अनुकंपेच्या विरोधात नाही, ती अनुकंपेचीच पुढची पायरी आहे. जून २०२५ मध्ये खीचनचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. त्यामुळे चुग्गाघरासोबत दोन्ही पाणवठे आणि भोवतालचा माळही राखण्याची जबाबदारी आता अधिकृतपणे मान्य झाली आहे.

महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयावरही हिवाळ्यात हे पक्षी दिसतात. तेथे ते माणसापासून बरेच अंतर राखतात. खीचनमध्ये मात्र चुग्गाघरालगतच्या घरांच्या गच्चीवरून ते अगदी हाकेच्या अंतरावर न्याहाळता येतात. तेथे येणाऱ्याला गावकरी एकच अट घालतात: आवाज करू नका.

मार्च आला की हवा तापते. एखाद्या दुपारी थवा टेकडीवरून उठतो, उष्ण हवेच्या झोतावर गोल गोल फिरत वर चढतो, ठिपक्यांएवढा होतो आणि उत्तरेकडे वळतो. चुग्गाघरात पुन्हा कबुतरे उरतात. त्यांच्यासाठीही ज्वारी पसरलेली असते.