आंबागडावर एकटा

भंडारा म्हणजे तळ्यांचा आणि धानाचा सपाट मुलूख. आमच्या इथे डोंगर म्हटलं की तुमसरकडचा सातपुडा आणि त्यातला आंबागड. सह्याद्रीवाल्यांना हसू येईल एवढीच त्याची उंची. पण फेब्रुवारीच्या शेवटी, पळस फुलायला लागल्यावर, पाठीवर सॅक घेऊन एकट्याने चढलो तेव्हा मला तो पुरेसा उंच वाटला.

हा गड १७००च्या सुमारास राजाखान पठाणाने बांधला असं मानतात. तो बख्त बुलंद शहाचा सुभेदार. नागपूर वसवणारा, इस्लाम स्वीकारलेला हा देवगडचा गोंड राजा. पुढे गड भोसल्यांकडे गेला आणि त्याचा तुरुंग झाला. इथल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी पाजून कैद्यांना मारत, असं सांगतात.

सोबत कुणी असतं तर गड गोंडांचा, पठाणांचा की मराठ्यांचा, यावरच आम्ही बोलत बसलो असतो. एकटा होतो म्हणून कैदी आठवले. अम्मीने भरून दिलेली पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि घोट घशात अडला. बांधणाऱ्याचं नाव गडाच्या गोष्टीत आहे, मरणाऱ्यांचं नाही. ते कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे, काही कळत नाही. दुआ मागायला ते कळण्याची गरजही पडली नाही.