परीक्षेची धास्ती आणि मनगटावरची तीन बोटे

२०२४ सालच्या उपवासकाळातील एक शुक्रवार. क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून मंडळी घरोघर गेली होती आणि आम्ही दिवे मालवीत होतो. इतक्यात आमच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या लेकीचा हात धरून दाराशी उभी राहिली. कुटुंब मूळचे रावेरकडचे. बाप बुऱ्हाणपुरात पॉवरलूमवर कामाला. मुलगी बावीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी. आईने काही न बोलता मुलीचे मनगट उताणे करून आमच्यापुढे धरले. आतल्या बाजूस रुपयाएवढा काळानिळा डाग होता.

"फादर, बघा हे. पेनच्या टोपणानं दाबते. रात्र रात्र दाबते. परीक्षेची भीती जाते म्हणे. चिनी विद्या आहे. आपल्याला चालतं का हे?"

वाचकहो, त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले त्याची आज आम्हांला लाज वाटते. "नीट अभ्यास कर, प्रार्थना कर, असले नाद सोड," असे म्हणून आम्ही दोघींची बोळवण केली. मुलगी एक शब्दही बोलली नाही. फाटकापाशी जाऊन तिने ओढणीने मनगट झाकले, तेवढे मात्र आमच्या दृष्टीस पडले आणि ते रात्री जेवताना पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

आठवायला कारणही तसेच होते. सेमिनरीत आमची तत्त्वज्ञानाची तोंडी परीक्षा होती. विषय तोंडपाठ होता. दार उघडून आत गेलो, तीन परीक्षक समोर बसलेले पाहिले आणि जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. पहिला प्रश्न काय होता हे आजही आम्हांस सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर सगळी उत्तरे ओळीने आठवली! त्या वेळी कोणी आम्हांला "प्रार्थना कर" म्हटले असते, तर आम्ही तोंडावर 'हो' म्हणून मनात चडफडलो असतो. कारण प्रार्थना तर आम्ही सकाळपासून करीतच होतो.

आणि या मुलीचे प्रकरण आमच्यापेक्षा पुष्कळ अवघड होते. मध्य प्रदेशातील नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर त्या काळात काय ओढवले होते, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. महाविद्यालयांच्या मान्यतेविषयी उच्च न्यायालयात दावे चालले, केंद्रीय अन्वेषण विभागाकडून तपास झाला आणि २०२३ साली परीक्षांस स्थगिती मिळाली. परिणामी २०२०-२१ साली प्रवेश घेतलेल्या मुलींची पहिल्या वर्षाची परीक्षा २०२४ उजाडले तरी झालेली नव्हती. चौथ्या वर्षात असावयाची मुलगी पहिल्या वर्षाचीच पुस्तके उघडून बसलेली. शरीररचना, शरीरक्रिया, आहारशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीव. आणि मानसशास्त्रसुद्धा, ही त्यातली मौज. घरी बोलणे मराठी, शाळा हिंदी, पुस्तके इंग्रजी. तीन वर्षांपूर्वी पाठ केलेले विसरून गेलेले आणि आता परीक्षा कधीही जाहीर होईल असे सगळे सांगत होते. छातीत धडधड होऊ नये तर काय व्हावे?

दुसऱ्या दिवशी आम्ही शोध आरंभला. ॲक्युप्रेशर म्हणजे काय, याची थोडी माहिती वाचकांस देतो.

ही ॲक्युपंक्चरचीच बहीण. तेथे सुई, येथे बोट. जुन्या चिनी वैद्यांच्या मते शरीरात एक प्राणशक्ती चौदा मुख्य वाहिन्यांतून वाहते आणि ठराविक बिंदू दाबले असता तिचा अडथळा दूर होतो. हे वाचताना आम्हांला आमच्या गावचा कुंडी भंडारा आठवल्यावाचून राहिला नाही. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत बोगद्याने केवळ उताराच्या जोरावर बुऱ्हाणपुरापर्यंत आणले गेले. वर जमिनीवर दिसतात त्या शंभराहून अधिक कुंड्यांची ओळ. पाणी वाहते ते खाली, दृष्टीआड. चिनी वैद्यांची कल्पना हुबेहूब अशीच. वर बिंदूंची रांग, खाली अदृश्य प्रवाह. भेद इतकाच की कुंडी भंडाऱ्यात सुमारे ८० फूट खाली उतरून पाण्यात हात घालता येतो, तर त्या चौदा वाहिन्या शवविच्छेदन करणाऱ्या एकाही डॉक्टरास अद्याप सापडलेल्या नाहीत.

मग बिंदू तरी खरे का? येथे उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. परीक्षेच्या भीतीसाठी बहुधा तीन जागा सांगतात. पहिली 'नेइग्वान', म्हणजे आतले द्वार: तळहाताखालच्या मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटे आडवी ठेवावीत, तिसऱ्या बोटाच्या कडेला दोन शिरांच्या मधोमध जी जागा येते ती. दुसरी 'शेनमेन', चित्ताचे द्वार: मनगटाच्या घडीवरच, करंगळीच्या बाजूच्या खळगीत. तिसरी 'हेगु': अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात, ही जागा गर्भवती स्त्रीने दाबू नये असा त्या शास्त्राचा जुना दंडक आहे व तो पाळलेला बरा.

यांपैकी पहिल्या जागेचा सर्वांत कसून तपास झाला आहे, पण तो भीतीसाठी नव्हे, शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसाठी. वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यात ५९ चाचण्या व सात हजारांहून अधिक रुग्ण यांचा विचार झाला. मळमळ कमी होते, असे त्यात दिसले. पुराव्याचा दर्जा मात्र फारसा उंच नाही, हेही त्या मंडळींनी प्रामाणिकपणे नोंदवले. परीक्षेच्या भीतीविषयी तुर्कस्तान, इराण इत्यादी देशांत विद्यार्थ्यांवर, त्यांत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवरही, लहान लहान प्रयोग झाले आहेत. पुष्कळांत भीती उतरली असे आढळते. परंतु त्यात एक अडचण आहे. ज्याचे मनगट दाबले त्याला आपले मनगट दाबले गेले हे ठाऊकच असते! आपल्यासाठी कोणी काही केले, एवढ्यानेही माणसाचा जीव निम्मा शांत होतो. आजारी लेकराच्या कपाळावर आईने हात ठेवला की ताप तोच असतो, पण रडणे थांबते.

आणखी एक गोष्ट. मनगट दाबण्यासाठी मुलगी बसते, डोळे मिटते, श्वास मोजते. भीतीच्या वेळी शरीरात ॲड्रेनॅलीन उसळते. हृदय धावते, तोंड कोरडे पडते, बोटे थरथरतात. संथ, लांब उच्छ्वास सोडला की हृदयाची गती उतरू लागते, हे शरीरशास्त्रास मान्य आहे. मग गुण बोटाचा की श्वासाचा? आमच्या मते बराचसा श्वासाचा. पण ज्याला नुसता श्वास मोजायला सांगितले तर करवत नाही, त्याला बोटाला काम दिले तर करवते. आपल्या आज्या जपमाळेचे मणी उगीच का ओढतात?

या विद्येचा आपल्याकडील प्रवासही मराठी माणसाने जाणून घ्यावा असा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ साली तेथेच वारले. त्यांची चिनी पत्नी परिचारिकांना शिकवणारी होती. पथकातील बंगाली सहकारी डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनमध्ये गेले, सुईची विद्या शिकले आणि कलकत्त्यास परतून त्यांनी ती रुजवली. म्हणजे ही विद्या आपल्याकडे मांत्रिकाने आणली नाही, डॉक्टरने आणली.

त्या माउलीच्या "आपल्याला चालतं का" या प्रश्नाचेही उत्तर राहिले आहे. व्हॅटिकनने २००३ साली 'नवयुग' पंथांविषयी जे चिंतन प्रसिद्ध केले, त्यात त्या पंथांच्या जाहिरातींत आढळणाऱ्या उपचारांच्या यादीत ॲक्युपंक्चरचे नाव येते. त्यावरून काही भाविक बिचकतात. परंतु यादीत नाव येणे म्हणजे बंदी नव्हे. मनगट दाबताना प्राणशक्तीवर श्रद्धा ठेवावी लागत नाही, जशी एरंडेल घेताना एरंडावर ठेवावी लागत नाही. आम्ही त्या घरी जाऊन तसे सांगितले आणि मागच्या शुक्रवारच्या बोलण्याबद्दल मुलीची क्षमा मागितली. आई अवघडली. मुलगी प्रथमच हसली.

पुढे आमचा उत्साह वाढला, आणि उत्साह वाढला की धर्मगुरूच्या हातून चूक ठरलेली. रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही नर्सिंगच्या सहा मुलींचा वर्गच सुरू केला. टोपण नको, अंगठ्याचे मांसल टोक. काळेनिळे होईल असा जोर नको, दुखण्याच्या अलीकडे थांबावयाचे. एका जागी दोनतीन मिनिटे. सहा श्वासांचा एक मिनिट. रुग्णालयात काम केलेल्या एका सिस्टर मदतीस येत. थोडी भीती हितकारकच असते हेही आम्ही सांगितले; येर्क्स आणि डॉडसन या दोघा अमेरिकनांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून तसे दाखवल्याचे ऐकून मुली खूप हसल्या. वर्ग छान रंगला. आमची मुलगीही नियमाने येई. डाग पुसट झाला होता. आम्ही मनातून स्वतःवर खूश होतो.

एके दिवशी सिस्टर म्हणाल्या, "फादर, तुम्ही तिचं मनगट पाहता. तिचा चेहरा पाहिलात का? सहा आठवड्यांत किती उतरलीय." आम्ही पाहिला नव्हता.

त्याच सुमारास आम्ही मुलींना आणखी एक उपाय सांगितला होता. शिकागो येथील दोन संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांस गुण अधिक मिळाले. कागद कोणास दाखवावयाचा नाही, फाडून टाकावयाचा, अशी अट. पाच मुलींनी फाडले. सहावीने घडी करून आमच्या टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत. त्यात परीक्षेविषयी दोनच ओळी होत्या. बाकी सारे फीसाठी काढलेल्या कर्जाविषयी, तिच्या फीपायी बारावीनंतर घरी बसलेल्या धाकट्या भावाविषयी, चार वर्षांत घरी आणलेल्या शून्य रुपयांविषयी. शेवटी लिहिले होते की आपण नसतो तर घराचे ओझे हलके झाले असते.

तो कागद वाचून आमच्या पायांतले बळ गेले. मनगटावरच्या कोणत्या बिंदूखाली हे सापडले असते? त्याच संध्याकाळी आम्ही सिस्टरांसह त्या घरी गेलो. बापास आम्ही काय सांगावे हे कळेना. सिस्टरांनी सांगितले, साध्या शब्दांत. तो बराच वेळ खाली पाहत बसला आणि मग म्हणाला, "ओझं म्हणे! पोरी, तू पहिल्यांदा मला बीपी मोजून दाखवलंस तो दिवस मी अख्ख्या कारखान्यात सांगितला." मुलगी रडली. त्या घरात ती महिन्यांनी रडली, असे आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. झोपेसाठी व उदासीसाठी औषधे मिळाली, दर पंधरवड्यास बोलावणे ठरले. ज्यांच्या गावात असा डॉक्टर जवळ नाही त्यांनी 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ही सेवा चालू आहे; दिवसरात्र, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत. मूल जेवत नाही, झोपत नाही, 'मी नसलो तर' असे बोलते वा लिहिते, तेव्हा अंगठा शोधू नका, फोन शोधा. आमचे सहा आठवडे वाया गेले; तुमचे जाऊ नयेत.

यथाकाल परीक्षा झाली. पहिल्या पेपरच्या दिवशी केंद्राबाहेर मुलींची रांग लागली होती. आम्ही दूर झाडाखाली उभे होतो. आमच्या सहाही जणींनी डाव्या मनगटावर तीन बोटे ठेवलेली दिसली. त्यांचे पाहून शेजारच्या अनोळखी मुलीही आपापली मनगटे चाचपू लागल्या होत्या. एका मुलीने तर चुकीच्या बाजूला, घड्याळाच्या पट्ट्यावरच बोटे दाबली होती. तिलाही बरे वाटत असावे.

आमची मुलगी जीवरसायन सोडून सर्व विषयांत उत्तीर्ण झाली. जीवरसायनाला ती पुन्हा बसली. औषधे चालू राहिली, मनगट दाबणेही चालू राहिले. डॉक्टरांची त्यास हरकत नव्हती. धाकट्या भावाचे नाव पुन्हा महाविद्यालयात घातले गेले. त्याच्या फीचा काही भाग धर्मग्रामातील मंडळींनी उचलला, हे येथे नमूद करावयास हवे.

निकालाचे पेढे घेऊन बाप आला तेव्हा आम्ही त्याच्याशी नेहमीच्या आवाजात बोलत होतो आणि तो कानामागे हात धरून पुढे वाकत होता. सतरा वर्षे लूमच्या खडखडाटात काढलेली. जाता जाता त्याने हळूच विचारले, "फादर, कानासाठी कुठं दाबायचं?"

त्यासाठी जागा नाही, असे आम्ही त्यास सांगितले. कानात घालावयाची रबरी बुचे त्याच्यासाठी मागवली आहेत. आणि त्याची लेक म्हणते की आधी कान तपासून घ्यायचे, बुधवारी तीच त्याला घेऊन जाणार आहे.