खेळांतील पंक्तिप्रपंच

आमच्या घरीं रविवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे दिवाणखान्यांत फुटबॉलचा एक सामना होत असतो. त्याला मैदान लागत नाहीं, शिट्टी लागत नाहीं, आणि खेळणारे दोघे एका गांवांतहि नसतात. एक आमचा चिरंजीव. तो येथें नेरूळला टीव्हीसमोर मांडी घालून बसतो. दुसरा आमच्या मधल्या बंधूंचा मुलगा. तो पुण्यास आपल्या घरीं बसतो. दोघांच्या हातीं एकेक कंट्रोलर असतो, आणि पुण्याचा आवाज आमच्या टीव्हींतून दिवाणखानाभर ऐकूं येतो. मातोश्री कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या असतात. फुटबॉलमधलें त्यांना कांहीं कळत नाहीं; परंतु नातवाच्या आवाजावरून त्याला सर्दी झाली आहे कीं नाहीं, हें त्यांना अचूक कळतें. सामना ऐन रंगांत आला असतां त्या येथूनच विचारतात, "काय रे, जेवलास का? आज काय केलें होतें आईनें?" तो बिचारा उत्तर देऊं लागतो, आणि तेवढ्यांत आमचे चिरंजीव गोल करून मोकळे होतात.

कांहीं वर्षांपूर्वींपर्यंत आम्ही तिघे बंधु एकाच छपराखालीं राहत होतों. दोन फ्लॅट जोडून केलेलें घर, एक चूल, आणि दिवाणखान्यांत सर्व मुलांचें मिळून एक यंत्र. मधल्या बंधूंची पुण्यास बदली झाली तेव्हां चूल वेगळी झाली. तें अपरिहार्यच होतें. त्यांनीं तिकडे तसलेंच दुसरें यंत्र घेतलें, आणि मुलांचा खेळ दोन घरांमधून चालूं राहिला. आमच्या एकत्र कुटुंबाचें जें कांहीं शिल्लक राहिलें होतें, त्यांत या रविवारच्या सामन्याचा वांटा केवढा मोठा होता, हें मात्र आम्हांस त्या वेळीं कळलें नव्हतें.

तें कळलें गेल्या दिवाळींत. पाडव्याला पुण्याच्या घरीं नवें यंत्र आलें. जुनें दुकानदारानें डिस्कांसकट बदल्यांत घेतलें. पुढच्या रविवारीं चिरंजीव टीव्हीसमोर बसले आणि दहा मिनिटांनीं उठून मुकाट्यानें आपल्या खोलींत गेले. दुसऱ्या रविवारींहि तेंच. तिसऱ्या रविवारीं मातोश्रींनीं वाती बाजूला ठेविल्या आणि हळूच विचारलें, "तुम्हां भावांभावांत कांहीं झालें का रे?" त्याच आठवड्यांत पुण्याहून भावजयीचा फोन आला, त्यांतहि आडून आडून हाच प्रश्न होता. ज्या घरांत माणसें एकत्र नांदलेलीं असतात, तेथें एका घराचा आवाज दुसऱ्या घरांत येईनासा झाला, तर त्याचा अर्थ एकच लावला जातो.

भांडण कोणाचेंच झालें नव्हतें. दोन्ही यंत्रें एकाच कारखान्याचीं होतीं. खेळ तोच होता, त्याच सालचा होता, आणि दोन्ही घरांनीं वर्गणीहि भरलेली होती. अडचण एवढीच कीं, पुण्याचें यंत्र नव्या पिढीचें आणि आमचें मागल्या पिढीचें; आणि त्या खेळाच्या नव्या प्रतीला मागल्या पिढीच्या प्रतीशीं खेळण्याची सोय ठेविलेली नव्हती. गंमत अशी कीं, दुसऱ्या कारखान्याच्या, पण आपल्याच पिढीच्या यंत्राशीं ती खुशाल खेळत असे. परक्याशीं सलोखा आणि सख्ख्या थोरल्या भावाशीं अबोला!

या निमित्तानें मुलांच्या तोंडचे दोन शब्द आम्हांस शिकावे लागले. निरनिराळ्या यंत्रांवर बसलेल्यांना एकमेकांशीं खेळतां येणें, याला तीं क्रॉस-प्ले म्हणतात. जुन्या यंत्राचे खेळ नव्या यंत्रावर चालणें, याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. शब्द अवघड आहेत, पण या गोष्टी आपल्या घरांना नव्या नाहींत. पहिलीचा अर्थ सर्वांना एका पंक्तीस बसतां येणें. दुसरीचा अर्थ आजोबांचे कागद नातवाला वाचतां येणें. आमच्या माळ्यावरील पेटींत पणजोबांचे मोडींतले कागद आहेत. आम्हां तिघां भावांपैकीं एकालाहि मोडी येत नाहीं. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, आणि तरीहि ते आमच्यापुरते मुके आहेत. जुनी डिस्क नव्या यंत्रांत घातली असतां पडद्यावर जो नकार उमटतो, तो याच जातीचा.

आमच्या स्वतःच्या लहानपणीं ही अडचण आम्हांस ठाऊक नव्हती. वाशीस रेल्वे आली ती ९ मे १९९२ रोजीं. त्याच सुमारास वडिलांनीं लॅमिंग्टन रोडवरून आम्हां भावांसाठीं टीव्हीला जोडावयाचा व्हिडिओ गेम आणला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राची ती नक्कल होती, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. मूळ जपानी यंत्राच्या कॅसेटला साठ पिना होत्या. तेंच यंत्र १९८५ सालीं अमेरिकेंत विक्रीस गेलें तेव्हां कॅसेटचा आकार बदलला आणि पिना बहात्तर झाल्या. आंतला खेळ तोच, पण जपानची कॅसेट अमेरिकेच्या यंत्रांत बसेना. आमच्या भोंवतालीं ज्या नकला आल्या होत्या त्या साठ पिनांच्या मापाच्या होत्या. त्यामुळें सिडकोच्या आमच्या वसाहतींत कोणाच्याहि घरची कॅसेट कोणाच्याहि यंत्रांत बसे. न लागली तर तिच्यांत फुंकर मारावी आणि पुन्हां बसवावी, एवढाच काय तो तांत्रिक प्रश्न. मारिओची एकच कॅसेट दप्तरांतून चार इमारती फिरून परत येई. यंत्र बिघडलें, दुसरें आणलें. पेटी निराळी, नांव निराळें, पण कॅसेट तीच चाले.

नकलेचें समर्थन आम्हांस करावयाचें नाहीं. मूळ कारागिराचा मोबदला त्यांत बुडत असे. परंतु चोराच्या बाजारांत जी सोय अनायासें मिळाली, ती सावाच्या बाजारांत पुरे पैसे मोजूनहि मिळूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

सावाच्या बाजाराचा इतिहास पाहिला तर धोरण वारंवार बदललेलें दिसतें. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन २ हें २००० सालीं निघालें. त्यांत पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्का चालत. २००६ सालीं प्लेस्टेशन ३ निघालें; त्याच्या पहिल्या प्रतींत दुसऱ्याचे अंतर्भाग बसविलेले असल्यामुळें दुसऱ्याचे खेळ चालत, पण पुढें खर्च वांचविण्यासाठीं ते भाग काढून टाकण्यांत आले. २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ मध्यें मागल्या तिघांपैकीं एकाचीहि डिस्क चालत नाहीं. २०२० सालच्या प्लेस्टेशन ५ मध्यें चौथ्याचे बहुतेक सर्व खेळ चालतात. त्याच्या मागले नाहींत. मायक्रोसॉफ्टनें २०१५ च्या नोव्हेंबरांत एक्सबॉक्स वनवर एक्सबॉक्स ३६० चे निवडक खेळ चालूं केले. त्या यादींत शेवटची भर २०२१ च्या नोव्हेंबरांत पडली, आणि परवान्यांच्या व तंत्राच्या मर्यादा आड आल्या म्हणून ती तेथें थांबली.

असें कां व्हावें? हार्बर मार्गावरून रोज कामास जाणाऱ्याला हें समजणें कठीण नाहीं. या मार्गावरील लोकल पूर्वीं १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालत. एप्रिल २०१६ मध्यें हा मार्ग २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर गेला. केवळ जुन्या विजेसाठीं बांधलेली गाडी नव्या तारेखालीं चालत नाहीं. म्हणून रेल्वेनें आधींपासूनच दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या, आणि तार बदलली तरी प्रवासी घरीं पोंचत राहिले. खेळाच्या यंत्रांचेंहि असेंच आहे. प्लेस्टेशन ३ चा मेंदू 'सेल' नांवाच्या निराळ्याच घडणीचा होता. चौथ्यासाठीं सामान्य संगणकांत आढळणाऱ्या घडणीचा मेंदू घेतला, तेव्हां जणूं तारच बदलली. पांचव्यांत चौथ्याची घडण कायम राहिली, म्हणून चौथ्याचे खेळ त्यांत चालतात. मागचें पुढें नेणें हें खर्चाचें आणि दूरदृष्टीचें काम आहे. अगदीं अशक्य असें तें क्वचितच असतें.

तो खर्च न केल्यास काय हातचें जातें, याचें एक उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. २००९ सालीं प्लेस्टेशन २ साठीं 'देसी अड्डा' हा भारतांत तयार झालेला खेळ निघाला. त्यांत विटीदांडू होता, कबड्डी होती, पतंग होते. परदेशी यंत्रावर आपल्या अंगणांतले खेळ आलेले पाहून मुलांना कौतुक वाटावें, असा तो प्रसंग होता. आज ती डिस्क प्लेस्टेशन ५ मध्यें घातली तर चालत नाहीं. मोडीच्या पेटींत आणखी एक कागद जमा झाला.

पंक्तीची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें यंत्राची अडचण हें मुख्य कारण नव्हे. 'फायनल फँटसी ११' हा खेळ २००२ सालचा. त्यांत प्लेस्टेशन २ वरील आणि संगणकावरील खेळाडू एकाच जगांत खेळत. असें असूनहि फोर्टनाइटसारखा लोकप्रिय खेळ प्लेस्टेशनवर खेळणाऱ्यांना दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवरील मित्रांशीं खेळावयाचें दार सोनीनें उघडलें तें २०१८ च्या सप्टेंबरांत, आणि तेंहि खेळाडूंनीं बराच ओरडा केल्यावर. पुढें २०२१ सालीं एपिक व ॲपल यांच्या अमेरिकेंतील खटल्यांत जे कागद बाहेर आले, त्यांवरून दिसलें कीं, ठराविक परिस्थितींत याबद्दल खेळ काढणाऱ्या कंपनीकडून भरपाई घेण्याची तरतूदहि सोनीनें ठेविलेली होती. अन्न एकच, वाढपी एकच, पण पानें वेगळ्या पडवींत! आपल्या वाडवडिलांच्या पंक्तींतून असला प्रपंच पुष्कळ चालला, आणि त्याची लाज आज आपणांस वाटते. मग तोच कारखानदारांनीं नव्यानें मांडला तर त्याला व्यापारी धोरण म्हणून मान कां डोलवावी?

आमचे धाकटे बंधु ऐरोलीस संगणकाच्या कामावर आहेत. त्यांचें मत याहून निराळें आहे, आणि तें टाकाऊ नाहीं. ते म्हणतात, "दादा, जुने खेळ चालावेत असें मागणारे पुष्कळ, पण प्रत्यक्ष खेळणारे थोडे." सोनीचे एक वरिष्ठ अधिकारी जिम रायन यांनीं २०१७ सालीं याच आशयाचें मत दिलें होतें. बंधूंचा दुसरा मुद्दा असा कीं, जुन्या यंत्राची गति लक्षांत घेऊनच नवा खेळ करावयाचा म्हटलें, तर नव्या यंत्राची शक्ति वायां जाते. आणि एकाच्या हातीं माऊस व दुसऱ्याच्या हातीं कंट्रोलर असला, तर नेमबाजीच्या खेळांत सामना सारखा राहत नाहीं. शिवाय पंक्ति मोठी झाली म्हणजे अनोळखी माणसेंहि मुलांच्या शेजारीं येऊन बसतात. त्यावर आईबापांची नजर हवी. हें शेवटचें तर आम्हांस पूर्ण मान्य आहे.

परंतु "थोडे वापरतात" या हिशेबानें घरांतल्या कितीतरी वस्तु टाकाव्या लागतील. पुरणयंत्र वर्षांतून किती वेळां माळ्यावरून खालीं येतें? तें मोडींत घालावें असें कोणी म्हणत नाहीं, कारण होळीच्या दिवशीं त्यावांचून अडतें. कोणती गोष्ट किती वेळां लागते, यापेक्षां ती नसली तर काय तुटतें, हें पाहणें संसारांत अधिक महत्त्वाचें असतें. आमच्या घरीं जें तुटलें होतें, तें फुटबॉल नव्हे.

तोडगा अखेर पुतण्यानेंच काढला. नव्या प्रतीची आणि जुन्या प्रतीची गांठ पडत नव्हती. पण त्याच्या नव्या यंत्रावर जुनी प्रत चालत होती, आणि जुन्या प्रतीशीं जुनी प्रत खेळणारच! एका अवघडलेल्या दोषावर दुसरा गुण असा उपयोगी पडला. जुनी डिस्क पाडव्यालाच गेलेली होती. म्हणून चिरंजीवांनीं वाशीस हिंडून एक वापरलेली डिस्क सहाशें रुपयांस मिळविली, आणि शेजारचे एक गृहस्थ पुण्यास निघाले होते त्यांच्याबरोबर ती धाडली. सुदैवानें बंधूंनीं डिस्कचा खण असलेलें यंत्र घेतलें होतें. नाहीं तर तीहि वाट बंद होती.

जुन्या प्रतींत चित्र तितकें रेखीव नाहीं, गवताचें पातें न् पातें दिसत नाहीं. एवढें महागाचें यंत्र घेऊन जुनाच खेळ खेळावयाचा, याचें वाईट वाटत नाहीं का, असें आम्हीं पुतण्याला विचारलें. तो म्हणाला, "गवत घेऊन काय करायचें, काका? दादा भेटतो ना!"

हा तोडगा कायमचा नव्हे, हें आम्हांस ठाऊक आहे. निन्टेन्डोचीं दोन जुन्या यंत्रांचीं ऑनलाइन दुकानें २७ मार्च २०२३ रोजीं बंद झालीं, एक्सबॉक्स ३६० चें २९ जुलै २०२४ रोजीं बंद झालें. आमच्या यंत्रावरहि ती पाळी येईल. तोंपर्यंत आमच्या वाचकांना एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, मुलांसाठीं असें यंत्र घेण्यास दुकानांत जाल तेव्हां चित्राच्या तेजाइतकीच आणखी तीन गोष्टींची चौकशी करा. घरांतल्या जुन्या डिस्का यांत चालतील का? डिस्कचा खण आहे का? आणि आपल्या नात्यागोत्यांतलीं मुलें ज्या यंत्रांवर खेळतात, त्यांच्याशीं आपल्या मुलाला त्याच्या आवडीचा खेळ खेळतां येईल का? प्लेस्टेशन ५ भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं विक्रीस आलें तेव्हां खण असलेल्याची किंमत ४९,९९० रुपये व बिनखणाच्याची ३९,९९० रुपये होती. दहा हजार रुपये वांचले असें वाटतें. पण जुन्या डिस्का, उसन्या डिस्का आणि वाशीच्या बाजारांतल्या सहाशें रुपयांच्या डिस्का या सर्वांवर त्यांत पाणी सोडावें लागतें.

डिस्क पोंचली त्याच्या पुढच्या रविवारीं पुण्याचा आवाज पुन्हां दिवाणखान्यांत आला. मातोश्रींनीं नेहमींप्रमाणें जेवणाची चौकशी केली आणि चिरंजीवांनीं नेहमींप्रमाणें गोल केला. थोड्या वेळानें वाती डब्यांत भरतां भरतां त्या आम्हांस म्हणाल्या, "मिटलें म्हणायचें एकदाचें." भांडण झालेंच नव्हतें, हें त्यांना आम्हीं आजवर चार वेळां समजावून सांगितलें आहे. पांचव्यांदा सांगितलें नाहीं.