मायानगरी आणि तीन पिढ्या

भूम तालुक्यांतील ईट हें आमचें गांव. बालाघाटच्या पठारावर, ज्वारीच्या रानांत व खव्याच्या भट्ट्यांच्या शेजारांत आमची हयात गेली. आमच्या अध्यापनाच्या काळीं शाळेची सहल म्हणजे तुळजापूरचें दर्शन आणि नळदुर्गचा पाणीमहाल. बंधाऱ्यावरून कोसळणारें पाणी महालाच्या गवाक्षांतून पाहतांना अवर्षणाच्या मुलखांतील मुलें हरखून जात. आतां त्यांचीं मुलें तुळजापूर-नळदुर्गाऐवजीं खोपोलीचें नांव घेतात.

नातवंडांच्या आग्रहास्तव आम्ही जामखेड, अहिल्यानगर, पुणें असा प्रवास करीत, घाट उतरून, खोपोली-पाली रस्त्यावरील ‘इमॅजिका’ पाहून आलों. मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकारानें ही मायानगरी २०१३ सालीं सुरू झाली. ‘नायट्रो’ नामक रोलर कोस्टर माणसास उलटेंपालटें करून क्षणार्धांत परत आणतो. नातू त्यांत तीनदां बसला. आम्ही बांकावर बसून सर्वांच्या चपला व पिशव्या राखल्या. ‘आय फॉर इंडिया’ या खेळांत मात्र खुर्चीत बसल्या जागीं विमानांतून देश पाहिल्याचा भास होतो. तेथें आमच्या घरांतील तिन्ही पिढ्या एकाच ओळींत बसल्या, आणि आमच्या सौभाग्यवतींनीं तर नकळत हात जोडले!

त्या बांकावर बसल्या बसल्या आमच्या मनांत एक विचार आला. अशा नगरीचा खर्च गर्दी असो वा नसो, चुकत नाहीं. यंत्रें, वीज, पाणी, नोकरवर्ग यांचा भार रोजचा. ग्राहक मात्र सुटीचा. त्यांतून मुलांची संख्याच घटत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें १९९२-९३ मध्यें सरासरी सुमारें २.९ अपत्यें होत. २०१९-२१ मध्यें हा आंकडा १.७ वर आला. जपानांतहि तीच गत आहे. तोकियोचें डिस्नेलँड १९८३ मध्यें उघडलें तेव्हां तेथील प्रमाण १.८ होतें, २०२३ मध्यें तें १.२ झालें. केवळ बालकांच्या जिवावर पुढें कोण तगेल?

आपल्याकडे या धंद्याच्या चढउतारांचीं उदाहरणें आहेत. मुंबईनजीक गोराईस १९८९ मध्यें सुरू झालेलें ‘एस्सेल वर्ल्ड’, जेथें एका पिढीनें नावेंतून जाऊन मौज केली, तें २०२२ सालीं बंद पडलें. ‘इमॅजिका’नें जलक्रीडेचें उद्यान काढलें, मुक्कामासाठीं मोठें हॉटेल बांधलें, तरी कर्जाचा भार वाढला, करोनाच्या सांथींत दारें मिटलीं, आणि २०२२ मध्यें संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे तिचें स्वामित्व गेलें. याच समूहानें शिर्डीस ‘साई तीर्थ’ हें भक्तिपर उद्यान उभारलें आहे. दर्शनास आलेल्या कुटुंबांत आजी असते, सून असते, तान्हें मूलहि असतें. तो ग्राहक थरारासाठीं आलेला नसतो. सर्वांस मिळून कांहीं पाहावयास हवें असतें.

आमच्या मतें पुढील वाट याच दिशेस आहे. घरांत मुलें थोडीं झालीं, तरी एका मुलाबरोबर आजी-आजोबांसह पांच वडील माणसें येतात. त्यांस केवळ सामान राखणारे समजूं नये. जो झोक्यांत बसणार नाहीं, त्याचें तिकीट वेगळें व हलकें असावें. सांवली, बसावयास जागा आणि परवडेल असें साधें घरगुती जेवण असावें. आठवड्याच्या मधल्या दिवशीं, जेव्हां पाळणे रिकामे फिरतात, तेव्हां ईटसारख्या दूरच्या गांवांतील शाळांस बोलवावें. सारा डोलारा हॉटेलांत उतरणाऱ्या धनिकांवरच उभा राहिला, तर शेतकऱ्याच्या मुलास ही नगरी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरच पाहावी लागेल.

संस्कृतांत उपवनास ‘आराम’ असा शब्द आहे. ज्यांनीं तो योजिला, त्यांस बागेचा अर्थ पुरता कळला होता. खेळणाऱ्यास जेथें मोकळी जागा आणि थकलेल्यास छाया मिळते, तेथें घरचीं सर्व माणसें पुनः पुनः येतात.