अकरा पाऊण सव्वाआठ

"सकाळी दहाची वेळ घ्या, सगळे तीच घेतात," असं एजंट म्हणाला तेव्हा फोन स्पीकरवर होता. समोर झोपाळ्यावर आत्या मटार सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "त्या दिवशी तिथी कोणती?"

तिथी वसंत पंचमी. आत्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस तिथीने त्याच दिवशी येत होता. म्हणून तर तिच्या लेकीने, नातीने आणि भाच्याने मिळून दोन तासांसाठी एक याट भाड्याने घ्यायचं ठरवलं होतं.

"पाच पाऊण पावणेचार," आत्या म्हणाली. "म्हणजे पावणेचारला भरती. दहाच्या सुमाराला पाणी पार तळाला. गेटवेच्या त्या शेवाळलेल्या पायऱ्या मी या गुडघ्यांनी उतरू?"

एजंट गप्प झाला. फोन धरून बसलेला भाचा, म्हणजेच प्रस्तुत लेखक, त्याहून गप्प झाला. भरती-ओहोटी हा प्रश्न आठ दिवस चाललेल्या नियोजनात कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. फुगे कोणत्या रंगाचे हे मात्र ठरलं होतं.

आत्या शाळेत पाऊणकी पाठ केलेल्या पिढीतली. तिचं माहेर रेवसकडचं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरायची तर घड्याळाआधी पंचांग बघावं लागे, कारण ओहोटीला रेवस बंदरात नुसता गाळ उघडा पडतो आणि लाँच लागत नाही. हिशेब सोपा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईच्या किनाऱ्यावर बाराच्या आसपास पूर्ण भरती असते, आणि चंद्रामागे फरपटत ती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त मागे सरते. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भाच्याने मोबाइलवर भरतीचं कोष्टक काढून पडताळलं. आत्या काही मिनिटांनीच चुकली होती.

गेटवेवरून याटीवर थेट चढता येत नाही, ही गोष्ट जाहिरातीतल्या फोटोत दिसत नाही. याट उभी असते दूर पाण्यात, नांगरलेली. धक्क्याच्या पायऱ्या उतरून आधी छोट्या बोटीत बसायचं आणि तिच्यातून याटीवर चढायचं. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार मीटरहून अधिक फरक पडतो, म्हणजे दीड मजला. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या बहुतेक वेळ पाण्याखालीच असतात, म्हणून त्यांवर शेवाळ. भांगाच्या दिवसांत, अष्टमीनंतर दोन-तीन दिवस, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. आत्याने पंचांग पुढे सरकवलं आणि माघ शुद्ध एकादशीवर बोट ठेवलं. अकरा पाऊण सव्वाआठ. आठला बोटीत बसायचं.

नातीला सकाळ नकोच होती. तिला सूर्यास्त हवा होता, सोनेरी पाण्यात बुडणारा.

पण मुंबईकराच्या डोक्यातला तो सूर्यास्त मरीन ड्राइव्हचा किंवा जुहूचा. गेटवेचं पाणी शहराच्या पूर्वेला आहे. इथे सूर्य समुद्रात बुडत नाही. तो ताजच्या आणि कुलाब्याच्या इमारतींच्या मागे जातो. सकाळी मात्र तो समोरच्या पाण्याच्या अंगाने वर येतो आणि गेटवेच्या पिवळसर दगडावर व १९०३ सालच्या ताजच्या दर्शनी भागावर सरळ ऊन पडतं. फोटोला चेहरे उजळ हवेत की काळे, एवढाच प्रश्न होता. शिवाय दुपारनंतर खारे वारे जोर धरतात आणि पाणी खवळतं. सकाळी मतलई वारे मंद असतात. भूगोलाच्या पुस्तकातले हे दोन शब्द नातीला पाठ होते, पण ते गेटवेवरही वाहतात हे तिला नव्याने कळलं.

मग एजंटाला विचारायच्या प्रश्नांची यादी झाली. दोन तास कुठून मोजणार, धक्क्यावरून की याटीवरून? छोट्या बोटीचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे? डिझेल? बोटीची नोंदणी आणि विमा आहे का, कागद बघायला मिळतील का? माणसं किती नेण्याची परवानगी आहे? ("दहा, पण बारा चालतील," असं उत्तर आलं. आम्ही नऊच जाऊ, असं आत्याच्या लेकीने तिथल्या तिथे ठरवलं.) शौचालय आहे का आणि त्याचं दार पंचाहत्तर वर्षांच्या बाईला उघडता येईल का? हा शेवटचा प्रश्न ऐकून एजंट हसला. त्याचं उत्तर मिळायला दोन दिवस लागले.

पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं हा लेकीचा बेत. "बोटीवर काडीसुद्धा पेटवायची नाही," एजंटाने सांगितलं, आणि त्या एका बाबतीत सगळ्यांना त्याच्याबद्दल आदर वाटला. दिवे वसंत पंचमीला घरीच लागले. केकचा प्रश्न एकादशीने परस्पर सोडवला. डब्यात साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर गेले.

लाइफ जॅकेटवरून मात्र कुरबुर झाली. नव्या साड्यांवर ती भगवी जाडजूड जॅकेटं! आत्याने सर्वांत आधी आपलं घातलं आणि पट्टे नातीकडून आवळून घेतले. तिच्या जन्माआधी, १७ जुलै १९४७ला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. दिवस गटारी अमावास्येचा होता. त्यानंतर आत्याच्या आईने लाँचमध्ये कधी पाय ठेवला नाही. गावी जायचं तर आत्या वडिलांचा हात धरून जायची. आणि याच पाण्यात १८ डिसेंबर २०२४ला नौदलाच्या स्पीडबोटीने घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला धडक दिली. १५ जणांचा जीव गेला. तेव्हापासून गेटवेवर जॅकेटची सक्ती कडक झाली. याटीवरच्या तांडेलाने हे काही सांगितलं नाही. नऊही जणांचे पट्टे ओढून बघेपर्यंत त्याने इंजिन सुरू केलं नाही, इतकंच.

आठ वाजून पाच मिनिटांनी आत्या धक्क्यावरून उतरली. "चार," ती म्हणाली. चारच पायऱ्या, चारही कोरड्या.

शीड उभारलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शीड वीस मिनिटं ओल्या पंच्यासारखं लोंबत राहिलं. मंद मतलई वारे फोटोला चांगले, शिडाला नाहीत. शेवटी सगळे इंजिनावरच पुढे गेले. उत्तरेला नौदलाची गोदी. तिकडे कॅमेरा वळवू नका, तांडेल म्हणाला. समोर जवाहर द्वीप, तेलाच्या टाक्यांचं बेट. तिथे उतरता येत नाही. घारापुरीला जाऊन लेणी पाहून यायला दोन तास पुरत नाहीत. खासगी बोटीत बसलं की समुद्र आपला होतो, अशी समजूत घेऊन आलेल्या आत्याच्या जावयांना हे जरा लागलं. त्यांनी खिचडी पुन्हा वाढून घेतली.

आत्याचं लक्ष आग्नेयेकडे होतं. "रेवस कुठं?"

"ती द्रोणागिरी दिसते ना आजी, करंजाची? तिच्या पलीकडे खाडी, मग रेवस." तांडेलाने बोट दाखवलं. माघातल्या धुक्यात द्रोणागिरीचा नुसता पुसट उंचवटा दिसत होता. त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं. आत्या तरीही बराच वेळ तिकडेच बघत बसली. हल्ली घरचे गावाला गाडीने जातात. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू झाल्यापासून तर मुलं त्याच रस्त्याने नेतात. लाँचने ती चाळीसेक वर्षांत गेलेली नव्हती.

परतीला ओहोटी लागली होती. छोट्या बोटीतून धक्क्यावर पाय ठेवताना भाच्याने हात पुढे केला. तो तिने धरला, पण मोजणं चालूच होतं. "सहा. खालच्या दोन ओल्या आहेत, जपून या रे."

वर पोचल्यावर तिने जॅकेट काढून तांडेलाच्या माणसाकडे दिलं, पदर सारखा केला आणि विचारलं, "भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच अजून सुटते ना?"

"सुटते की," तो म्हणाला.

आत्याने बोटांवर काहीतरी केलं. "उद्या द्वादशी. बारा पाऊण नऊ," ती भाच्याला म्हणाली. "गाडी नको काढूस. पारणं रेवसला करू."