ताईला, पिल्लाच्या हाडांविषयी

अहमदी, कुवेत

प्रिय ताई,


परवा फोनवर तू बोलत होतीस आणि मागून आईचा आवाज येत होता, "कुत्र्याला हाड घालायचं नाही, तर मग घालायचं तरी काय?" आईचा प्रश्न रास्त आहे. फोनवर घाईघाईत त्याचं उत्तर देता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आईलाही वाचून दाखव.

आधी पिल्लाची बाजू घेते. मुधोळकडून आणलेलं तुमचं कारवान जातीचं पिल्लू आता तीन महिन्यांचं झालं. त्याचे 28 दुधाचे दात आता पडायला लागतील आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतील. तोवर हिरड्या शिवशिवत राहणार, दुखणार. चपला, सोफ्याचा पाय, भाच्याचं दप्तर, जे समोर दिसेल ते कुरतडणं ही त्याची गरज आहे. त्याबद्दल मारू-रागावू नका. चघळायला काय द्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

रविवारच्या मटणातली हाडं मात्र आजपासून बंद. शिजलं की हाडातला लवचीकपणा जातो आणि दाताखाली आलं की त्याच्या टोकदार सळया होतात. कोंबडीची तंगडी यात सगळ्यात वाईट. त्या सळया घशात रुततात, आतड्याला भोक पाडतात, नाहीतर चुरा घट्ट बसून शौच अडतं. शिवाय आपला मटणवाला सत्तूरने हाड फोडतो, म्हणजे पातेल्यात पडण्याआधीच त्याला धारदार कडा आलेल्या असतात. त्यातून रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. आई "जरासा रस्सा भाकरीवर" घालते ना, तोही नको. त्याच्यासाठी मटणाचं बिनमिठाचं, बिनकांदा-लसणाचं पाणी वेगळं उकळून घेतलं तर भाकरी त्यात खुशाल कुस्करा.

इथली तऱ्हा निराळी. अहमदी हे तेल कंपनीने 1946 नंतर आपल्या माणसांसाठी वसवलेलं गाव, बंगल्यांभोवती बागा आणि कुंपणाला झाडं. त्यामुळे बरेच जण कुत्री पाळतात. मटणाच्या दुकानात सत्तुराऐवजी विजेवर चालणारी करवत असते. ती नळीच्या गोल चकत्या पाडते, कडा अगदी गुळगुळीत. बघणाऱ्याला वाटेल, याच्याइतकं निर्धोक काही नाही. आमच्या शेजारच्या लॅब्राडोरला तशी एक चकती दिली होती. आतला मगज चाटता चाटता ती खालच्या जबड्यावर चढली आणि सुळ्यांच्या मागे जाऊन बसली. पुढे सुळे आड येतात, मागे जबडा रुंद होत जातो, मग ती निघायची कशी? मी गेले तेव्हा तो पंजाने तोंड ओरबाडत होता, लाळेला रक्ताची झाक होती आणि ओठाखालचं मांस सुजून त्या कड्याबाहेर आलं होतं. ओढून काढायला गेलं की कळवळायचा. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी भूल देऊन कडं कापून काढलं. तेव्हापासून दुकानात तशा चकत्यांचा ढीग दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

"मग कच्चं द्या, रानातलं जनावर काय शिजवून खातं?" असं आई म्हणेल. कच्चं हाड शिजलेल्यापेक्षा कमी फुटतं, हे खरं. पण त्यावरचे साल्मोनेलासारखे जंतू पिल्लाच्या तोंडातून घरभर फिरतात. फ्रीजरमध्ये ठेवून ते मरत नाहीत, आणि घरात आईसारखी वयस्क माणसं आहेत. कच्ची कलेजी आणि फुप्फुसं तर मुळीच नकोत. इथे बकरी ईदनंतर आणि आपल्याकडे जत्रेनंतर हे अवयव कुत्र्यांपुढे टाकले जातात. मेंढी-बकरीच्या या अवयवांत पट्टकृमीच्या पाण्याने भरलेल्या गाठी असू शकतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक जंत वाढतात, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती आपल्या पोटात गेली तर आपल्या यकृतात तशाच गाठी होतात. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, म्हणून हे कुणाच्या ध्यानीमनी येत नाही.

बाजारातल्या वस्तू घेताना माझी कसोटी सोपी आहे: अंगठ्याचं नख रोवून बघ. खूण उमटली नाही तर ती वस्तू त्याच्या दातांना जड. शिंगं, खूर, जनावराच्या मांडीचं जाड हाड, टणक नायलॉन हे सगळं यात बाद होतं. याकच्या दुधाची वाळवलेली छुर्पी हल्ली भारतात फार खपते, तीही बहुधा इतकी कडक असते. कुत्रा अशा गोष्टी वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेने फोडायला जातो आणि त्या दाढेचा बाहेरचा पापुद्रा उभा सुटतो. आतली नस उघडी पडली तरी बिचारा एका बाजूने खात राहतो, आपल्याला पत्ता लागत नाही. पांढऱ्या कातड्याच्या गाठी मारलेली 'हाडं' नखाला मऊ लागतात, पण चघळून त्यांचा लगदा होतो, मोठा तुकडा गिळला जातो आणि पोटात फुगतो. मी त्या घेत नाही. धूर देऊन पाकिटात भरलेली खरी हाडंही नकोत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 साली त्याबद्दल उघड इशारा दिला. त्यांच्याकडे आलेल्या सुमारे 68 तक्रारींत जवळपास 15 कुत्री दगावल्याची नोंद होती.

आता काय द्यायचं ते. माझी पहिली पसंती पोकळ रबरी खेळण्याला. अमेरिकेत 1970च्या दशकात जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. गाडी दुरुस्त करताना बाजूला पडलेला सस्पेन्शनचा रबरी भाग त्याने उचलला आणि सोडेना. त्यावरूनच 'काँग' नावाचं खेळणं निघालं. त्यातलं पिल्लांसाठीचं मऊ रबराचं घे, आणि मापाने मोठं घे. संपूर्ण तोंडात मावेल ते घशात जाईल. आत बिनमिठाचा दहीभात किंवा उकडलेलं गाजर ठासून फ्रीजरमध्ये ठेव. गार लागलं की हिरड्यांना बरं वाटतं, आणि उन्हाळ्यात तर तो त्याला तासभर सोडणार नाही. पीनट बटर भरणार असशील तर डब्यावर 'झायलिटॉल' नाही ना, ते वाच. साखरेऐवजी घातलेला तो पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे. सुताच्या दोरीची खेळणी सुटी ठेवू नकोस, गिळलेला धागा आतडं गोळा करतो. आणि आंब्याच्या दिवसात कोय, इथल्यासारखी खजुराची बी, मक्याचं कणीस, असं काही ज्यात पडतं ती केराची बादली झाकून ठेव. आतडं अडकायला एक कोय पुरते.

चघळताना कुणीतरी जवळ बसा. आणि तोंडातली वस्तू हिसकून घ्यायची नाही, बदल्यात चिकनचा तुकडा पुढे करायचा. हिसकलं की पुढच्या वेळी तो पटकन गिळून टाकायला शिकतो. भाच्याला हे आत्ताच शिकव, त्याचाच हात त्या तोंडात जास्त जाणार आहे.

इतकं करूनही हाड गेलंच पोटात, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. मिठाने विषबाधा होते, आणि टोकदार तुकडा वर येताना अन्ननलिका फाडतो. वारंवार ओकारी, लाळ गळणं, पोट ताठ होणं, कुंथूनही शौच न होणं, यातलं काहीही दिसलं की रात्र असली तरी डॉक्टरांना फोन कर.

जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, ते तू सांगितलं नाहीस. त्या औषधात पट्टकृमीवरचं प्राझिक्वांटेल आहे का, हे डॉक्टरांना विचार आणि त्याचं सध्याचं वजन मला कळव. इथून कुणी आलं की त्या मापाचं खेळणं पाठवते.

आईला नमस्कार, भाच्याला खूप आशीर्वाद.

तुझी,
धाकटी