कुर्ल्याचा सीएसटी रोड: जुन्या गाडीसाठी इंजिन शोधताना

कुर्ल्यातल्या सीएसटी रोडचे नाव ऐकले की बहुतेकांना बोरीबंदरचे स्टेशन आठवते. प्रत्यक्षात या रस्त्याचा त्या स्टेशनाशी काहीही संबंध नाही. इथे सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. ट्रॉम्बेपासून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत १९२८ साली एक रेल्वेमार्ग सुरू झाला होता. १९३४ मध्ये तो बंद पडला, रूळ गेले आणि नाव तेवढे रस्त्याला राहिले. आज याच रस्त्यावर मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो.

एलबीएस मार्गाकडून कालिन्याच्या विद्यापीठाकडे निघालात की दोन्ही बाजूंना दुकानेच दुकाने. एकाकडे फक्त दरवाजे, दुसऱ्याकडे काचा, तिसऱ्याकडे गिअरबॉक्स. इंजिने फळीवर ओळीने मांडलेली, काहींवर खडूने गाडीचे नाव लिहिलेले. मागच्या अंगाला मिठी नदी आणि पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. याच कुर्ल्यात प्रीमियर कंपनीचा कारखाना होता आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे पद्मिनी, तिथूनच बाहेर पडत असे. गाडी बांधणे आणि गाडी सोडवणे, ही दोन्ही कामे या उपनगराने पाहिली आहेत.

आम्ही इथे आलो ते एका इंजिनासाठी. आमच्या घरी २००८ सालची टाटा सफारी आहे, २.२ लिटरच्या डायकॉर इंजिनाची. थोरले भाई कुवेतहून कायमचे परतले तेव्हा त्यांनी ती घेतली. खेडजवळच्या आमच्या वाडीत रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे तर हीच गाडी निघते. बाळंतीण असो, पाय मोडलेला मुलगा असो, मुंबईहून आलेली मय्यत असो, दारावर टकटक झाली की भाई किल्ली घेऊन उठतात. त्यामुळे इंजिन गेल्याचा घोर एकट्या आमच्या घराला नव्हता.

इंजिन गेले ते वयाने. पावणेतीन लाख किलोमीटर झाले होते. बॅक कम्प्रेशन वाढले, ऑइल खाऊ लागले आणि शेवटी हेडला तडा गेला. आमच्या मिस्त्रींनी इंजिन खोलले तेव्हा क्रँकवरही ओरखडे निघाले. नवे हेड, क्रँकचे काम, बोअर, पिस्टन, सगळे धरून ओव्हरहॉलचा अंदाज दीड लाखाच्या घरात गेला. अम्मी आणि भाभी यांच्या भिशीचे एक लाख वीस हजार हातात होते. वरचे पैसे व्याजाने काढायचे नाहीत, हे घरात कोणी बोलून दाखवण्याची गरज नव्हती. मग मिस्त्रींनी दुसरा रस्ता सांगितला. चांगल्या अवस्थेतले जुने इंजिन आणून बसवायचे.

गाडी विकून टाका, असाही सल्ला मिळाला. त्याचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. आमची वाढवून झाली होती आणि तीन वर्षे शिल्लक होती. बॉडी, चेसिस, गिअरबॉक्स ठीक होते. इंजिनाशिवाय गाडी विकली तर भंगाराचा भाव, आणि तेवढी माणसे नेणारी दुसरी गाडी भिशीच्या पैशांत येणार नव्हती. ज्यांच्या गाडीची मुदत संपत आली आहे किंवा पत्रा कुजला आहे, त्यांनी मात्र इंजिनावर खर्च करण्याआधी दहादा विचार करावा.

खेडहून रात्रीची कोकणकन्या धरली, पहाटे ठाण्याला उतरलो आणि लोकलने कुर्ला गाठले. बरोबर भाई, मिस्त्री आणि इंजिनीअरिंग शिकणारा आमचा पुतण्या. निघताना गावातल्या दोघा-तिघांनी बजावले होते, ‘कुर्ल्याला सांभाळून, तिथे सगळा चोरीचा माल.’ आपल्या लोकांच्या बाजाराबद्दल आपल्याच लोकांच्या तोंडी असे शब्द ऐकून वाईट वाटते. पण वाईट वाटून घेणे वेगळे आणि डोळे उघडे ठेवून तपासणे वेगळे.

मिस्त्रींनी गाडीतच धडा दिला होता. पहिली गोष्ट, इंजिन नेमके कोणते ते पक्के करा. सफारीत २००५ पासून तीन लिटरचे डायकॉर होते, पुढे २.२ लिटरचे आले; एकाच्या जागी दुसरे बसत नाही. सुमो ग्रँडीतही २.२ चेच डायकॉर होते, पण त्याची ताकद कमी ठेवलेली होती. पुढच्या स्टॉर्मचे इंजिनही याच घराण्यातले. बाहेरून भावंडांसारखी दिसतात, पण इंजेक्टर, टर्बो, वायरिंग आणि ईसीएम जुळतात का, हे पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

दुसरी गोष्ट, ‘हाफ’ की ‘फुल’ ते विचारा. हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन. फुल म्हणजे हेड, टर्बो, पंप, इंजेक्टरसकट. भाव ऐकताना हा फरक कळला नाही तर स्वस्त वाटलेले महाग पडते.

तिसरी गोष्ट तपासणीची. ऑइलचे झाकण उघडून आत बोट फिरवा. दुधाळ मळ दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे. सम्प आणि बोल्ट यांच्यावर चिखलाचा थर किंवा एकसारखा गंज असेल तर ती गाडी पुरात बुडालेली असू शकते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि मिठीच्या काठच्या या वस्त्यांत माणसे आणि गाड्या दोन्ही बुडाल्या होत्या. इथल्या लोकांना बुडालेले इंजिन म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. बोल्टच्या कडा झिजलेल्या आणि जोडावर ताजे सिलिकॉन दिसले, तर इंजिन आधी खोललेले आहे. क्रँक हाताने पान्याने फिरवून पाहा, अडखळता कामा नये. आणि शेवटी चारही सिलिंडरचे कम्प्रेशन मोजा. चौघांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकच खूप खाली असेल तर तिथे रोग आहे.

पहिल्या दुकानात इंजिन देखणे होते. धुऊन, पुसून, वर चंदेरी रंग मारलेला. भाव अठ्ठेचाळीस हजार. भाईंचा चेहरा खुलला. मिस्त्रींनी मात्र वाकून ब्लॉकवरची इंजिन नंबरची जागा पाहिली आणि आमच्याकडे बघितले. तिथे ग्राइंडर फिरलेला होता. कागद मागितले तर उत्तर आले, ‘कागजात किसको चाहिए, गाव में कौन देखता है?’

खरे सांगायचे तर त्या क्षणी सत्तर हजार वाचत होते. एवढ्या पैशांत पुतण्याची वर्षाची फी निघाली असती. भाई काही वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, ‘या गाडीतून लोक दवाखान्यात जातात. त्यात दुसऱ्याच्या घरातून उचललेली वस्तू नको.’ आम्ही सलाम करून बाहेर पडलो.

त्यानंतर चार-पाच दुकाने झाली. कुठे हाफ इंजिन होते, कुठे सुमो ग्रँडीचे. जोहरची नमाज जवळच्या मशिदीत अदा केली. तिथेच एका गॅरेजवाल्याने आतल्या गल्लीतल्या एका वयस्क दुकानदाराचे नाव सुचवले.

दुकान साधे होते. चाचांनी आधी आमच्या गाडीचे आरसी पाहिले, मग एक इंजिन दाखवले, ऑइलने काळवंडलेले, न धुतलेले. ‘धोया नहीं है, मास्टरजी. धोने से लीकेज छुप जाता है,’ ते म्हणाले. अपघातात पुढून-मागून चेपलेल्या गाडीचे ते इंजिन होते. विमा कंपनीने ती गाडी निकालात काढली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने नोंदणी रद्द करून घेतल्याचा कागद चाचांच्या फायलीत होता आणि त्यावरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळत होता. पुतण्याने मोबाइलवर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत तो नंबर टाकून चोरीची नोंद नसल्याची खात्री केली. चाचांना राग आला नाही. उलट म्हणाले, ‘हर ग्राहकाने असंच करावं. मग आमच्यावरचा डाग जाईल.’

इंजिन स्टँडवर चढवून बॅटरी जोडली. चालू झाले. मिस्त्रींनी कम्प्रेशन मोजले, चारही जवळपास सारखे. सौदा ठरणार तेवढ्यात चाचांनी स्वतःच थांबवले. तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर कमजोर आहे, महिन्या-दोन महिन्यांत बदलावा लागेल, असे त्यांनी सांगितले. आमच्या मिस्त्रींच्याही ते लक्षात आले नव्हते. पंच्याऐंशी हजारांतून त्यांनी सात हजार स्वतःहून कमी केले आणि बिलावर लिहून दिले: बसवल्यापासून तीस दिवसांत आतला दोष निघाला तर माल परत.

हे ऐकताना आम्हाला वर्गात मुलांना अनेकदा सांगितलेली घटना आठवली. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. आत धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले. आपल्या फिकहमध्ये ‘खियारे ऐब’ नावाचा हक्कच आहे: लपवलेला दोष निघाला तर ग्राहकाला माल परत करता येतो. त्या चाचांनी यातले काही बोलून दाखवले नाही. बिलाच्या मागे दोन ओळी लिहिल्या, एवढेच.

दुकानाच्या मागे गेलो तर एका पिंपात जुने ऑइल साठवलेले होते. मिठीच्या काठी या धंद्यातले तेल आणि पिंपे धुतलेले पाणी नदीत जाते, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. चाचा ते ऑइल पुन्हा शुद्ध करणाऱ्यांना देतात. सगळेच देत नाहीत, हे त्यांनीच सांगितले. जुने इंजिन पुन्हा वापरणे म्हणजे लोखंड वाचवणे, इस्राफ टाळणे. पण ते करताना नदी काळी होत असेल तर ती बचत अपुरी आहे. सरकारने २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम आणले. या गल्लीतल्या तरुणांनी ते समजून घेऊन कायद्याच्या चौकटीत यावे, असे मनापासून वाटते. हात कुशल आहेत, कागद तेवढे हवेत.

इंजिन टेम्पोने खेडला पोहोचले. बसवण्याआधी मिस्त्रींनी जुने इंजिन का गेले त्याचे मूळ शोधले. रेडिएटर आतून चोंदला होता. तो बदलला नसता तर नवे इंजिनही त्याच वाटेने गेले असते. इंटरकूलर आणि डिझेलची टाकी साफ केली. इंजिन बाहेर असतानाच वॉटर पंप, मागचे ऑइल सील आणि क्लच प्लेट बदलून घेतली, कारण नंतर तेवढ्यासाठी पुन्हा सगळे उतरवावे लागते. खर्च असा झाला: इंजिन ७८,०००, वाहतूक ६,०००, रेडिएटरसह सुटे भाग आणि ऑइल १७,०००, मजुरी १५,०००. एकूण १,१६,०००. उरलेले चार हजार इंजेक्टरसाठी बाजूला ठेवले.

आता वाचकांनी विसरू नये अशी गोष्ट. इंजिन बदलले की इंजिन नंबर बदलतो, आणि तो आरसीवर यायलाच हवा. कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी आधी घ्यायची आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसी दुरुस्तीसाठी द्यायची. बिल, जुन्या गाडीचे कागद आणि विम्याची प्रत सोबत लागते. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याचीही संमती घ्यावी. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवावा, नाहीतर अपघाताच्या वेळी दावा अडतो. बरेच जण हा भाग ‘गावात कोण बघते’ म्हणून सोडून देतात. पहिल्या दुकानदाराचे शब्दही नेमके हेच होते.

आमची मंजुरी आली, तपासणी झाली आणि आरसीवर नवा नंबर चढला. तीस दिवसांची मुदत संपली त्या दिवशी भाईंनी चाचांना फोन करून इंजिन उत्तम चालल्याचे कळवले. चाचा म्हणाले, तक्रारीचे फोन येतात, असा फोन क्वचित येतो. नंतर त्यांनी इंजेक्टर बदलला का ते विचारले, आणि नसेल तर आधी तो बदला, असे पुन्हा सांगितले.